थुंकायचं पाणी

कमलने शेवटचं मागितलं ते पाणी. स्ट्रोकने तिचं गिळणं गेलं होतं, खाटेवर तोंडाने काही देऊ नका अशी पाटी. नर्स गुलाबी स्पंजने नुसते ओठ ओले करायची. "अहो, घोटभर द्या ना," कमल म्हणाली. मी ग्लास उचलला तर नितीनने, आमच्या मुलाने, माझं मनगट धरलं. "बाबा, नको. फुफ्फुसात जाईल." आता हातात काही उरलं नाही, असं डॉक्टरीण सकाळीच सांगून गेली होती... मग जपायचं काय होतं? संध्याकाळी ती कोरड्या तोंडाने गेली. आणि त्याच नितीनने खिशातून गंगाजलाची सीलबंद बाटली काढून तिच्या तोंडात ओतली. आता चालतं?

महिना झाला, राग जात नाही. हा राग जुना आहे. दोन हजार तीन-चारचं साल असेल, इंग्लंडातल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसने नितीनला जपानला पाठवलं, त्याने आम्हाला बोलावलं आणि क्योटोजवळच्या फार जुन्या शिंतो देवळात नेलं. मोठी लाल कमान, पण मूर्ती कुठे दिसेना. कमल म्हणाली, देव शिफ्टला गेला असेल, आपल्यासारखा. वाटेवर दगडी कुंड, त्यावर लांब दांड्याच्या बांबूच्या पळ्या. लोक हात धुवायचे, चूळ भरून टाकायचे. कमलने पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटून प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थ घेतात तसं. जपान्यांनी बघितलंसुद्धा नाही. लाज वाटली ती आमच्या पोराला. "आई, थुंकायचं असतं ते. सगळे बघतायत."

"देवाच्या दारचं पाणी थुंकू?" एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. निघताना मात्र दुकानातून तसलीच पळी घेतली. इंग्लंडात परतल्यावर स्लाऊच्या आमच्या घरी सिंकवर खिळ्याला टांगली. रोज आंघोळ झाली की त्या पळीने नळाचं पाणी हातावर घ्यायची, मलाही द्यायची.

परवा रविवारी नितीन आला. पळी काळी पडलीय, बुरशी असेल, टाकून द्या म्हणाला. मी नळ सोडला, पळी भरली. "हात कर."

त्याने हात पुढे केला.

"गीळ."

त्याने गिळलं. ओला हात तसाच धरून उभा राहिला. त्याचं पुढे काय करायचं ते मी सांगितलं नाही. पळी पुन्हा खिळ्याला लावली.