कुजबुजेची एकच प्रत

आमच्या नाटक कंपनीत चाळीस वर्षं विंगेत बसून ज्यानं आम्हा थोर नटांना आमचीच वाक्यं पुरवली, त्या प्रॉम्प्टरला आम्ही कुजबुजे म्हणायचो. टाळ्या आम्हाला, हार आम्हाला, गरम चहाही आधी आम्हाला. त्याच्या वाट्याला एक स्टूल, मिणमिणता दिवा आणि संहितेची वही. त्या वहीवर मात्र त्याची हुकमत अशी, की मालकसुद्धा हात लावण्याआधी विचारायचे.

त्याचा एक कायदा होता: नाटकाची प्रत एकच. दोन झाल्या की नट आपल्या सोयीची प्रत खरी मानतात, असं त्याचं म्हणणं. हे मत त्यानं माझ्यावरून बनवलं, असं काही जळकी माणसं अजून सांगतात.

पुढे कंपनी बंद पडली आणि आमच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाची वही वाळवीनं अर्धी चाटून पुसून खाल्ली. समीक्षकांनी एवढ्या आवडीनं कधी वाचली नव्हती. उरलेली वही आणि स्वतःची स्मरणशक्ती यांच्या जोरावर कुजबुजेनं एका बोटानं टाइप करत दोन वर्षांत पूर्ण नाटक लॅपटॉपवर उतरवलं. अर्थात एकच प्रत. छापलंही नाही, कारण ती दुसरी झाली असती.

मग एका नव्या नाटक मंडळीनं नाटक ऐकायची तयारी दाखवली. संध्याकाळी सहाला वाचन. पसंत पडलं तर वीस वर्षांनी पुन्हा पडदा उघडणार. त्याच दुपारी लॅपटॉप बसला. काळ्या पडद्यावर एक गोल फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा.

"नाटकवाल्यांच्या घरातलाच आहे," कुजबुजेची बायको, म्हणजे आमच्या वहिनी म्हणाल्या. "आलो, आलो म्हणतोय आणि येत काही नाही."

आम्ही तिघं दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. इस्त्रीवाल्याच्या शेजारी खिडकीएवढं दुकान, बाईंच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर. त्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून लॅपटॉप उघडला आणि आत डोकावल्या.

"काका, गच्च भरलंय हो. सुरू व्हायला मशीनला थोडी मोकळी जागा लागते. तुम्ही तीही ठेवली नाहीत. आहे काय एवढं?"

"तालमींच्या जुन्या टेपा. चित्रासकट."

"सगळ्या?"

"छे. नट जिथे अडखळले तेवढ्याच जागा."

प्रत्येक नटाच्या नावाचं फोल्डर होतं. सर्वांत मोठं कुणाचं, हे मी इथे सांगत बसत नाही. बाईंनी एक उघडून पाहिलं. पडद्यावर एक तरुण, देखणा नट छताकडे बघत पुढचं वाक्य शोधत होता.

"काका, हे तुम्हीच ना?" त्यांनी मला विचारलं.

"तो अर्थपूर्ण विराम आहे."

"दोन मिनिटांचा?" वहिनी म्हणाल्या.

"उडवा ते फोल्डर," मी मोठ्या मनानं म्हणालो. "मित्रासाठी एवढा त्याग मी करू शकतो."

"उडवते. पण आधी नाटकाची कॉपी काढून घेते."

"कॉपी नाही काढायची," कुजबुजे म्हणाला.

"मग मीही काही उडवणार नाही. एखादं बटण चुकलं तर दोन वर्षांचं काम गेलं. कॉपी असल्याशिवाय मी कुणाच्या फाइलला हात लावत नाही."

कायद्याला कायदा भेटला. पावणेपाच वाजले होते. कुजबुजे दाराकडे तोंड करून उभा राहिला. रुसायची कला तो नक्कीच आम्हा नटांकडून शिकला असणार.

वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सांभाळल्यात. एकदा स्वतःची सांभाळा की."

शेवटी तो म्हणाला, "काढा." दात काढायला सांगावं तसा.

दोन वर्षांचं काम चहा कपात ओतेपर्यंत दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरलं. मग माझे सगळे अर्थपूर्ण विराम नाहीसे झाले, गोल फिरला आणि लॅपटॉप सुरू झाला. कुजबुजेनं तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान उघडून ओठ हलवत वाचलं. पूर्ण होतं. त्यानं चष्मा पुसला, मग उगाच पुन्हा एकदा पुसला.

"हा पेनड्राइव्ह मशीनबरोबर ठेवू नका," बाई म्हणाल्या. "गेलं तर दोन्ही एकदम जातील. कुणाकडे देऊ?"

कुजबुजेनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"भावजींकडे?" वहिनी दचकल्या. "अहो, प्रत्येक प्रयोगाला वाक्यं बदलायचे ते!"

"म्हणून तर. याला कॉम्प्युटर उघडता येत नाही. याच्याइतकी सुरक्षित जागा शहरात नाही."

एवढी मोठी पावती मला रंगभूमीनं कधी दिली नव्हती. मी पेनड्राइव्ह आतल्या खिशात ठेवला. सभागृहात पोचेपर्यंत त्यानं तीनदा माझा खिसा चाचपून पाहिला आणि सहाच्या ठोक्याला पहिलं पान वाचायला घेतलं. चाळीस वर्षं कुजबुजल्यानंतर पहिल्यांदाच, मोठ्या आवाजात.