रणगाड्यांच्या बदल्यात पातेलं

आमच्या घरात दूध तापवायचं एक स्टीलचं पातेलं आहे. चांगलं चार लिटरचं, एका अंगाला पोचा आलेलं. त्याला त्याचं स्वतःचं झाकण नाही, दुसऱ्याच डब्याचं झाकण त्यावर कसंबसं बसतं. याच पातेल्यातलं दूध पिऊन माझ्या मुलाला मिशी फुटली आणि आता ती पिकायलाही लागली. ते पातेलं घरात कुठून आलं, हे मी तीसेक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची पाळी आणली नातीच्या ब्लॉगनं.

नात आमची इंजिनिअर. आठवडाभर इस्लामपूरपर्यंत स्कूटी आणि पुढं एसटी करून सांगलीच्या एका हपिसात जाते, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून व्हिडिओ गेमांची टिंगल करते. होय, टिंगलच. तिचा ब्लॉग आहे. त्यावर जाहिरात नाही, कुठल्या कंपनीचा पाठीवर हात नाही. ती, तिचा लॅपटॉप आणि तिची जीभ. जीभ माझ्याकडून गेलेली आहे. राजकन्येला सोडवायला निघालेला गडी वाटेत लोकांच्या घरात शिरून मडकी का फोडत सुटतो, पाठीला सात तलवारी लावून हिंडणाऱ्याजवळ पाण्याची एक बाटली का नसते, असलं ती लिहिते. खाली वाचकांचा कट्टा जमतो, आणि तिथली मंडळी तिच्याहून खवट. कोण साताऱ्याचा, कोण मिरजेचा, एक जण फौजेत आहे तो रेंज आली की कुठल्याशा चौकीवरून दोन ओळी टाकतो.

मी त्यात शिरले ती एका मेंढरापायी. नात शेतीचा एक गेम खेळत होती आणि मी शेजारी गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"ह्ये मेंढरू आजारी हाय," मी म्हटलं.

"कशावरनं गं आज्जे?"

"सकाळधरनं बघत्ये, एक लेंडी टाकली न्हाई."

माझं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी मेंढरांच्या मागनं चालले आहे, मला कोण फसवणार? नातीनं ते जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं आणि कट्ट्यावर हसून हसून लोळण. मग माझ्या तक्रारी दर आठवड्याला जायला लागल्या. गेममधला ऊस तीन दिवसांत तोडणीला येतो. आमच्याकडं दीड वर्ष लागतं, आणि पुढं तोडणीची टोळी येईस्तोवर त्याला तुरे फुटतात. हे कोण्या मालकानं बनवलं असेल, त्यानं एकदा आमच्या बांधावर येऊन उभं राहावं.

मग आली नागपंचमी. वाचक मंडळींनी गेममध्ये मिळून एक शेत केलं होतं. पुण्याच्या दुसऱ्या एका गटाशी पैज होती, कोण आधी सगळं रान नांगरून पेरतो. नात नांगर घेऊन निघाली आणि मी लॅपटॉपवर हात ठेवला.

"आज नांगर न्हाई, सुरी न्हाई, तवा न्हाई. उद्या."

"आज्जे, गेम हाय गं ह्यो!"

"आसंल. भुईत औत घालायचं न्हाई म्हंजे न्हाई."

तिनं कट्ट्यावर लिहिलं, आज्जीच्या हुकमावरून आज नांगरट बंद. शिराळ्याकडचा एक वाचक म्हणाला, बरोबर आहे, आमच्या घरात आज विळीसुद्धा आडवी पडून आहे. एका शहाण्यानं विचारलं, गेममध्ये नाग कुठून येणार? मी सांगितलं, लिही, गेममध्ये ऊस कुठून आला, तिथूनच. दिवसभर आमच्या एकाही माणसानं नांगर धरला नाही. पैज हरलो. पण तेव्हापासून कट्ट्यावर तो नियमच झाला आणि मला मान आला. आपल्याच लोकांना हरवणाऱ्या माणसाला एवढा मान मिळालेला मी तरी दुसरीकडं पाहिलेला नाही.

हे सगळं माझ्या मुलाला, म्हणजे नातीच्या बापाला, बघवत नव्हतं. तो साखर कारखान्यात कामाला. बोलणं मोजकं, पण बोलला की खिळा ठोकल्यासारखं. एका रविवारी चहाला बसला आणि लेकीला म्हणाला, "दिवाळीपातुर ह्ये ब्लॉगचं बंद कर. खेळून कुणाचं भलं झालंय?"

मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी होते. माझे कानच टवकारले. वाक्य माझं होतं, त्याच्या लहानपणी मीच त्याला ऐकवलेलं. शब्द माझे, सूर माझा, शेवटी मान झटकणंही माझंच.

नात म्हणाली, "पप्पा, तुमी कवा खेळलाच न्हाई, तुमाला काय कळणार?"

"न्हाई कसा? फौजेतनं रजंवर आले तवा आबांनी आणला हुता की मला गेम. आन् रजा संपल्यावर न सांगता संगं घिऊन गेले. पोराला दिलेली वस्तू! पुढच्या रजंला मी त्यांच्याशी धड बोललो न्हाई. घरात गेम आला की आसलंच हुतंय, माणसं येकमेकांशी खोटी वागत्यात."

मागं पातेल्यातलं दूध उतू गेलं. त्याच पातेल्यातलं. मी फडकं घेऊन ओटा पुसत बसले आणि बराच वेळ पुसत राहिले, कारण वळून बघायची माझी छाती नव्हती.

आता माझी तेव्हाची कथा सांगते. तेव्हाची मी म्हणजे तिशीतली, पदर खोचलेली, जिच्या पावलांनी घरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची अशी बाई. मला वाटायचं, लोक मला मानतात. लोक घाबरत होते आणि माझी पाठ फिरली की माझी नक्कल करत होते, हे कळायला मला सासू व्हावं लागलं.

मालक माझे, म्हणजे पोराचे आबा, फौजेत, रणगाड्याच्या रेजिमेंटला. वर्षातनं दोन महिने घरी. एका रजेत त्यांनी टीव्हीला लावायचा गेम आणला. डब्यावर छापलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. खरे सात. बाकी त्याच सातांची निरनिराळी नावं. त्यात रणगाड्यांचा एक खेळ होता, दोघांनी मिळून आपला किल्ला राखायचा. खऱ्या रणगाड्यात बसलेला हा माणूस त्या खेळात पोराच्याही मागं पडायचा, आणि पडला की पोराच्या पाठीत धपका घालून म्हणायचा, "फिर से!"

मी वर्षातले दहा महिने त्या माणसाची वाट बघायची आणि दोन महिने त्याची पाठ. एकदा तर मी नवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून मुद्दाम टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "आगं, बाजूला हो की, किल्ला पडंल!"

त्या गजऱ्याचा राग मी गेमवर काढला. रजा संपली, मालक सकाळच्या एसटीनं गेले, पोरगा शाळेत गेला आणि दुपारी दारात भांडेवाली आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. दोन जुन्या विजारी, एक जरीचं लुगडं, आणि वर तो गेम. तिनं गेम उलटापालटा केला.

"ह्ये वाजतंय का?"

"टीव्हीला लावलं की लय वाजतंय."

"माझ्याकडं टीव्ही न्हाई, बाई. पातेलं दिईन, झाकण न्हाई मिळायचं."

घासाघीस करायला मी एक नंबर, पण त्या दिवशी घाई होती. झाकणाशिवाय घेतलं.

पोरगा शाळेतून आला तेव्हा सांगितलं, "तुझ्या आबांनी न्हेला. तिकडं जवानांना खेळाया." आणि पुढच्या रजेत मालकांना सांगितलं, "पोरानं दिला कुणा दोस्ताला. त्याला आता बापासंगं खेळायचं न्हाई, मोठा झालाय." दोन वाक्यांत दोन माणसं गार केली. आमच्या घरातले पुरुष भांडत नाहीत, नुसते गप्प बसतात. त्यामुळं कुणी कुणाला विचारलंच नाही. त्या रजेत बापलेक जेवायला शेजारी बसायचे आणि मधे माझं नवंकोरं पातेलं. मी जिंकले होते. मालक आता माझ्याकडं तोंड करून बसायचे, फक्त त्या तोंडावर काही नसायचं. पुढं बोलणंचालणं झालं, लग्नकार्यं झाली, पण दोघं मिळून काही खेळलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. मालक गेले त्यालाही आता काही वर्षं झाली.

त्या रविवारनंतर नात मुकी झाली. भांडली असती तर बरं होतं. एक दिवस मी तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावले, तर वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, निरोप. खाली काही नाही. तिला कधी शब्द सापडला नाही असं मी पाहिलं नव्हतं.

मी मुलाला सांगायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा तो दाढी करत होता. हातात वस्तरा असलेल्या माणसाला असलं सांगू नये म्हणून परतले. दुसऱ्यांदा विषय काढून शेवटी विचारलं काय, तर भाजी कुठली करू. तिसऱ्यांदा नुसतीच हसले. तो म्हणाला, "आये, गोळी घेतलीस न्हवं?"

शेवटी नातीला म्हटलं, "लिहून घे. ह्या आठवड्याची माझी तक्रार. माझ्याच नावानं."

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. गजऱ्यापाशी हसली. झाकणापाशी तर लॅपटॉप बाजूला ठेवून हसली. आणि मग त्या दोन वाक्यांपाशी तिची बोटं थांबली.

"आज्जे, पप्पांना ह्ये ठाऊक न्हाई?"

"न्हाई."

"मग ह्ये मी टाकत न्हाई. आदी पप्पा, मग कट्टा."

माझा विचार वेगळा होता. परस्पर ब्लॉगवर जाईल, चार लोक हसतील, त्या हशात आपलं पाप खपून जाईल. ही नात जीभ माझी घेऊन आली, पण काळीज आजोबांचं घेऊन आली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी दुपारी मुलाला चहा दिला आणि कपाशेजारी तिचा मोबाईल ठेवला. "वाच," म्हटलं, आणि समोर लसूण सोलत बसले. एवढा लसूण आमच्या घराला महिनाभर लागत नाही.

तो वाचत होता. एकदा ओठ हलले, बहुतेक "फिर से" आलं असावं. मग बोट वर नेऊन त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चहावर साय धरली.

"आबांनी न्हेला न्हवता?"

"न्हाई."

"आन् त्यास्नी वाटलं, मीच दिला?"

"व्हय."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरचं पातेलं उचललं, पोचा आला होता ती बाजू बघितली, बूड बघितलं. मला वाटलं आता अंगणात फेकतो. त्यानं ते जागेवर ठेवलं.

"झाकण तरी घ्यायचं हुतंस, आये," तो म्हणाला. मग मोरीत गेला. तोंडावर पाणी मारून आला तेव्हा डोळे लाल होते. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग लेकीकडं न बघता त्यानं विचारलं, "तसला रणगाड्यांचा खेळ आता मिळतो का कुठं?"

"मिळतो की! लॅपटॉपवर चालतो. दोघांचा हाय."

"लाव. आन् ह्ये आज्जीचं टाक तुझ्या कट्ट्यावर. फक्त फोटोबिटोत माझं टक्कल घ्यायचं न्हाई."

दिवाळीचा विषय तिथंच संपला. कुणी बोलून संपवला नाही. आमच्या घरातली ती रीत नाही.

नातीनं माझी तक्रार कट्ट्यावर टाकली, खेळायचे दोन रिमोट लॅपटॉपला जोडले, एक बापाच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेणार तोच तो म्हणाला, "तू नगं. आये, तू बस. आबांच्या जाग्याला."

मी बसले. हातात रिमोट धरायचा तो उलटा धरला. नात एका बाजूला मोबाईलवर कट्टा वाचून दाखवत होती. एकानं पातेल्याचा फोटो मागितला होता. एक म्हणाला, आज्जी, सगळ्यात अवघड शत्रू स्वयंपाकघरातच होता म्हणायचा. चौकीवरच्या फौजी वाचकानं लिहिलं होतं, आज्जी, मी पण दोन महिन्यांचाच गडी हाय. औंदा रजंला घरी गेलो की बायकोलाबी खेळाया बसवीन. तेवढं ऐकून माझं लक्ष उडालं.

"आये, म्होरं बघ! शत्रू वरनं येतोय. तू फकस्त किल्ला राख."

"राखत्ये की रं, वरडतोस कशाला?"

समोर काहीतरी हललं असं वाटलं, मी बटण दाबलं. गोळा सुटला, सरळ खाली गेला आणि आमच्याच किल्ल्याच्या ठिकऱ्या उडाल्या. पडदा काळा झाला. शत्रूचा एकही रणगाडा अजून निम्म्या वाटेवर आला नव्हता.

"पप्पा, आज्जीनं आपलाच किल्ला उडवला!"

माझ्या मुलानं माझ्या पाठीत एक धपका घातला.

"जुनी सवय हाय तिची," तो म्हणाला. "फिर से."