सहाच्या आधी सात

मालकाची अट एकच होती. पहिल्या आठवड्यात पडदा एकदा जरी पांढरा पडला, तर मशीनवर शहरातला माणूस येणार.

अट मशीनबाईंना, म्हणजे नव्यानं सिनेमाचं मशीन चालवायला बसलेल्या बाईंना होती. गावातल्या थिएटरचा आधीचा ऑपरेटर म्हणजे त्यांचा नवरा. इमारत धान्याचं गोदाम होती तेव्हा तो तिथे हमाली करायचा. पुढे खुर्च्या आल्या, पडदा आला आणि तो केबिनमध्ये चढला. मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांडीचा प्रखर उजेड वर्षानुवर्षं बघून त्याची नजर गेली. त्याचा डबा घेऊन जाता-जाता बाई सगळं शिकल्या होत्या. कांडी जुळवायची, फिल्म चिकटवायची, रीळ संपत आल्याचा ठिपका पडद्याच्या कोपऱ्यात चमकला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करायचं. नवऱ्याचे डोळे अधू झाले तेव्हापासून अर्धे खेळ त्याच चालवत. पण मालकाला ते कुठे ठाऊक?

"बाईमाणूस आणि मशीन?" मालक म्हणाला होता.

"मशीनला कुठे कळतंय कोण बसलंय ते!" बाई म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळचा खेळ. नवा सिनेमा, हाउसफुल्ल. खुर्च्या संपल्या म्हणून माणसं पायऱ्यांवर. रिळांचा संच मात्र दोन गावांत एकच. शेजारच्या गावात खेळ तासभर आधी सुरू व्हायचा आणि तिथे संपलेली रिळं बाईंचा धाकटा दीर फटफटीवर बांधून आणायचा, एका फेरीला दोन डबे. आजवर एकदाही चुकला नव्हता.

पाचवं रीळ सुरू झालं तेव्हा दीर धापा टाकत जिना चढला. हातात एकच डबा.

"वहिनी, दोरी सुटली! एक वाटेत पडला!"

"कुठला आहे हा?"

"सातवा."

बाईंनी पाचव्याकडे पाहिलं. जेमतेम सात-आठ मिनिटं उरली होती. "मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पळ!"

फटफटी भडभडत निघून गेली. बाईंनी सातवं उघडलं आणि दुसऱ्या मशीनवर चढवलं. पुढचं पुढे! पडदा पांढरा पडण्यापेक्षा गोष्ट वाकडी झालेली बरी. कोपऱ्यात ठिपका चमकला. बाईंनी खटका ओढला.

पाचव्यात नायक धाकट्या भावाबरोबर हसतखेळत जेवत होता. सातव्यात तोच नायक दाढी वाढवून, तुरुंगाच्या दारातून बाहेर! खाली कुजबुज उठली.

"अरे, हा आत कधी गेला?"

"तू डुलकी काढलीस."

"डुलकी तुझ्या आजोबांनी काढली असेल! काहीतरी भानगड आहे. बघ की नीट!"

सगळं थिएटर पुढे वाकलं. बाई खिडकीला एक डोळा आणि जिन्याला कान लावून उभ्या. रीळ संपत आलं. ज्याच्या खुनासाठी नायकानं शिक्षा भोगली तो धाकटा भाऊच दार उघडतो! नायक विचारतो, "ओळखलंस?"

खाली फटफटी वाजली. दीर चिखलानं माखलेला वर आला, एका हातात सहावं, दुसऱ्यात आठवं. सहाव्याच्या डब्याला पोचा पडला होता, पण आतली फिल्म कोरडी होती. बाईंनी ती हिसकावलीच. फिल्म मशीनमध्ये ओवली, कांडी पेटवली आणि ठिपका चमकला तसा खटका!

पडद्यावर कोर्ट. साक्षी, पुरावे, शिक्षा.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एकदम गलका. "आत्ता कळलं! हे जुनं आठवतंय त्याला!" शिट्ट्या, टाळ्या. पायऱ्यांवरचे उठून नाचायला लागले. आठवं रीळ वेळेवर लागलं, आणि तिथून शेवटपर्यंत कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही.

खेळ सुटल्यावर मालक जिना चढून आला. बाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

"मालक, पडदा पांढरा नाही पडला. पण सहाच्या आधी सात लागलं."

"म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. मालकानं आ वासला, मग तो खो-खो हसत सुटला. "मी बाल्कनीत रडलो की हो! उद्यापण असंच लावा."

"शहरातल्या माणसाला लावायला सांगा."

"त्याला काय जमणार आहे? तुम्हीच बसा, बाई. कायमच्या!"

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "सहाच्या आधी सात? माझ्या मशीनवर?"

"तुमचं होतं," बाई म्हणाल्या. "आता माझं आहे."

दिराच्या पोटात काही राहत नसल्यानं दोन दिवसांत गावभर झालं. शेजारच्या गावची माणसं तोच सिनेमा बघायला इकडे येऊ लागली. थिएटर बंद होईपर्यंत केबिनमधली ती खुर्ची बाईंचीच राहिली. एखादा सिनेमा फारच कंटाळवाणा निघाला, की बाहेर पडताना लोक केबिनकडे मान वर करून ओरडायचे, "बाई, आज रिळं सरळ लावलीत वाटतं!"