गारलँडने न विचारलेला प्रश्न

आमच्याकडे उडीचा व्हिडिओ मागितलात, तर गारलँड प्रुइट आधी उलटतपासणी घेतो. "घरी कुणाला दाखवणार? त्यांच्याकडे प्लेअर कुठला? टीव्ही नाही विचारला, प्लेअर विचारला." उत्तर काहीही द्या, तो एक साधी डीव्हीडी हातात ठेवतोच, आणि हवी असेल तर ब्लू-रे वेगळी. नवी पोरं हसतात त्याला. मी हसत नाही.

फ्लोरिडात संत्र्यांच्या बागांमध्ये आमची धावपट्टी आहे. लोक येतात, विमानातून उडी मारतात, थरथरत घरी जातात. मी शेडमध्ये पॅराशूटच्या घड्या घालते. गारलँड हेल्मेटवर कॅमेरा बांधून गिऱ्हाइकाच्या क्षणभर आधी बाहेर पडतो आणि पडता पडता त्याचं चित्रण करतो. खाली आला की ट्रेलरमध्ये बसून त्यावर गाणं चढवतो, आणि गिऱ्हाईक गाडी काढायच्या आत डिस्क तयार. कामाला वाघ आहे. खोड एकच होती, आपल्या चित्राच्या प्रेमात आकंठ बुडालेला.

ब्लू-रे नवीनच निघाली होती, त्या वर्षी त्याने हाय डेफिनिशन कॅमेरा घेतला. चित्र असं, की उडणाऱ्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात. पण ते द्यायचं कशावर? साधी डीव्हीडी कुठेही चालते, पण तिच्यावर उतरवलं की चित्राचा तजेला जायचा. ब्लू-रेचं यंत्र महाग, तिच्या कोऱ्या डिस्कही महाग. राहिली एचडी डीव्हीडी, ब्लू-रेची तेव्हाची प्रतिस्पर्धी. तिच्यात एक सोय होती. आमचा व्हिडिओ जेमतेम सात-आठ मिनिटांचा, तो त्या पद्धतीने लिहिला तर नेहमीच्या स्वस्त डिस्कवरही मावायचा, तजेल्यासकट. फक्त ती डिस्क लावायला नव्या तऱ्हेचा प्लेअर लागायचा, आणि तो अख्ख्या गावात चार घरी असेल नसेल.

"मग ही डिस्क घेऊन लोकांनी करायचं काय? गाडीच्या आरशाला टांगायची?" मी विचारलं.

"प्लेअर घेतील हळूहळू. नाहीतर काय, जन्मभर धुरकटच बघायचं?"

"अरे बाबा, लोक आपल्या माणसाला बघतात. तुझा तजेला कोण बघतंय?"

"तू घड्या घाल," तो म्हणाला.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी काहीही पहिल्यांदा केलं, की त्याने बिअरचा खोका आणायचा. पहिली उडी असो नाहीतर पहिल्यांदा झाडात अडकणं असो, सुटका नाही. पहिली एचडी डिस्क विकली तेव्हा गारलँडने दोन खोके आणले, इतका खूश होता.

मार्लिस ओकडेन त्यानंतर थोड्याच दिवसांनी आली. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीतली, विमानाची शिडी चढतानाच रडवेली झालेली. तिचे वडील क्लीटस तरुणपणी सैन्यात पॅराशूटने उतरायचे, आता वृद्धाश्रमात होते.

"डॅडचे डोळे चाललेत," तिने काउंटरवर गारलँडला सांगितलं. "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस दिसणार नाही. त्याआधी एकदा बघू देत, त्यांची भित्री पोरगी उडाली ते."

"मग तर स्वच्छच चित्र हवं. टीव्ही नवा आहे ना तिथला?"

"आहे की. चांगला भिंतभर आहे."

"झालं तर मग."

टीव्ही नवा म्हणजे प्लेअर नवा नव्हे, हे आमच्यात गारलँडइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्याने प्लेअरचं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती साधी डिस्क घेऊन गेली असती, म्हणून विचारलं नाही. हे त्याने मला नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

रविवारी मार्लिसचा फोन आला. वृद्धाश्रमातली सगळी मंडळी खुर्च्या मांडून बसली होती, क्लीटस अगदी पुढे, आणि टीव्हीवर नुसतं 'डिस्क वाचता येत नाही'. गारलँड म्हणाला, "प्लेअर जुना आहे तुमचा. कुणाकडे नवा मिळतो का बघा." ती बिचारी बघत राहिली. शेजारी विचारलं, शाळेत विचारलं. इकडे हंगाम ऐन भरात, दिवसभर उड्या. साधी डिस्क काढायला त्याला अर्धा तास लागला नसता. महिनाभराने, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची गर्दी सरली तेव्हा कुठे त्याला आठवण झाली. मग त्याने साधी डिस्क काढली आणि स्वतः नेऊन दिली.

पुढच्याच शनिवारी मार्लिस बिअरचा खोका घेऊन हजर. पहिल्या उडीचा राहिला होता ना. "डॅडनी सगळं पाहिलं," ती सगळ्यांना सांगत सुटली. "माझे गाल फडफडत होते तेसुद्धा दिसलं त्यांना. म्हणाले, असं लख्ख चित्र जन्मात पाहिलं नाही." पोरांनी गारलँडला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याने बाटली घेतली नाही. ट्रेलरमागे जाऊन बसला.

मी मागोमाग गेले. "काय रे, कौतुक पचत नाही का?"

कुणी ऐकत नाही ना, ते त्याने वळून पाहिलं. मग म्हणाला, "डिस्क सुरू केली आणि ती कॉफी आणायला गेली. म्हातारा म्हणाला, 'ती गेली का? पोरा, मला दिसत नाही आता. तिला सांगितलं नाहीये. तू सांगत जा, काय चाललंय.'"

"मग?"

"मग सांगितलं. दार उघडलं. तिने डोळे मिटलेत. आता बाहेर पडली. गाल फडफडतायत. आता डोळे उघडले, हसतेय. तो टीव्हीकडे नाही, बाजूच्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होता. मी विचारलं, कधीपासून दिसत नाही? तर म्हणाला, 'त्या रविवारी दिसत होतं थोडं. म्हणून तर पुढे बसलो होतो.'"

तो आपल्या तळहाताकडे बघत होता.

"ती कॉफी घेऊन आली. विचारलं, 'डॅड, पाहिलंत?' तर मी सांगितलेलं सगळं त्याने तिला सांगितलं, अगदी गालांसकट. ती रडायला लागली आनंदाने. मी निघालो तर त्याने हात पुढे केला. 'फार स्वच्छ चित्र आहे तुझं,' म्हणाला. हात भलतीकडेच, मी उभा नव्हतो तिथे. तिने बघायच्या आत मी धावत त्या हातासमोर जाऊन उभा राहिलो."