बिनधास्त या, रान रिकामं हाय

त्या थंडीत एका रविवारी सकाळी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून हजारभर मेंढरं आमच्या रानात आली. घरात माझ्या शब्दाला मांजरसुद्धा विचारत नाही, त्यामुळं सुरुवातीला मला थोडं बरंच वाटलं.

मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि राहतो निमोण्यात. कंपनीनं आम्हा दहा-बारा जणांना एका शिबिराला बसवलं होतं. एआयला जोडीदार करून दुसऱ्याची खरी अडचण सोडवायची, असा विषय. शिकवायला आलेल्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घरी बसून अडचणी शोधू नका. ज्याला अडचण आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला विचारा. आणि एआय जे विचारेल, ते पूर्ण वाचून मगच उत्तर द्या." मी वहीत 'जाऊन बसा' आणि 'विचारा' एवढं लिहून घेतलं. शेवटच्या वाक्याला चहा आला.

अडचण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडं पीक निघालं की रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. कळप दोन-चार रात्री मुक्कामाला राहतो, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. पण कुणाचं रान कधी मोकळं होणार, हे मेंढपाळाला कळत नाही. कवठ्याचे बिरूमामा सत्तरीत दारोदार हिंडून विचारत होते. त्यांच्याशेजारी बांधावर तासभर बसलो तेव्हा ते म्हणाले, "बाळू, मेंढरापरीस मीच जास्त चालतो. यका रानात गेलो तर म्हनत्यात कालच दुसरा कळप बसला. दुसरीकडं जावं तर म्हनत्यात आटवड्यानं ये."

(आमचं घरही मूळचं मेंढरांचंच. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कळप घेऊन घाटाखाली उतरायचे. विहिरीला पाणी लागलं आणि ते काठी कोपऱ्यात ठेवून शेतकरी झाले. मी मात्र मेंढराची शेपटीही कधी धरली नव्हती. हे पुढं माझ्या अंगाशी आलं.)

मी ही अडचण एआयला सांगितली. मला वाटलं होतं, हा पटकन काहीतरी करून देईल आणि मी सर्टिफिकेट घेऊन फोटो काढेन. तर हा मलाच प्रश्न विचारत बसला. मेंढपाळांना वाचता येतं का? पाणी किती लांब चालतं? कोकरं असतील तर काय पाहावं लागतं? मी थक्क झालो. इतके प्रश्न तर आमच्या लग्नाच्या वेळी मंदाच्या वडिलांनीही विचारले नव्हते. (विचारले असते तर मंदाचं कल्याण झालं असतं, असं मंदा म्हणते.) मी दोनदा बिरूमामांकडं जाऊन उत्तरं आणली आणि आठवड्याभरात आमची व्यवस्था तयार झाली. शेतकऱ्यानं फोनवर रानाची माहिती भरायची. एआय जुळणी करणार. आणि वाचता न येणाऱ्या मेंढपाळाला बोलका निरोप जाणार, तोही माझ्या आवाजात; कुणाचं रान, ते एआय पुढं जोडणार. मी घसा साफ करून बोललो, "राम राम. बिनधास्त या. रान रिकामं हाय. मालकाची परवानगी हाय."

सुरू करण्याआधी एआय म्हणाला, एक नमुन्याची नोंद भरून पाहू. मी ओट्यावर बसलो होतो. समोर आमचंच रान दिसत होतं. नकाशात त्याच्यावरच बोट ठेवलं आणि ठोकून दिलं. पीक? काही न्हाई. पाणी? हाय. कुत्रं? न्हाई. मेंढरं किती बसतील? कितीबी. कवापासून? कवाबी. त्यानंतर आसपासच्या शेतकऱ्यांनीही आपापल्या रानांच्या नोंदी भरल्या.

आता त्या रानात काय होतं, ते सांगतो. तिथं कांद्याच्या रोपाचे वाफे होते. आबांनी पोटच्या लेकरासारखं जपलेलं, लागणीला आलेलं रोप. निम्मं आमचं आणि निम्मं माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. आक्का दिली आहे दौंड तालुक्यात, राहू गावाला. तिचं स्वतःचं रोप मर रोग लागून गेलं होतं. रान नांगरून, सऱ्या पाडून तयार, आणि लावायला काडी नाही. हंगाम थांबत नसतो. आबांनी तिला फोनवर सांगितलं होतं, "रडू नगंस. रविवारी टेम्पो घिऊन ये. तुझं रोप हितं हाय." आबांनी दिलेला शब्द मोडल्याचं आमच्या भागात कुणाला आठवत नाही.

शनिवारी दुपारी मी कॅन्टीनमध्ये जेवत होतो, तेव्हा एआयचा निरोप आला. चांगला लांबलचक. "उद्यापासून सुरू करायचं आहे. त्याआधी चार गोष्टी विचारायच्या आहेत." पहिली गोष्ट वाचली. कशाबद्दल तरी होती. दुसरी वाचायला लागलो तेवढ्यात वाढप्यानं गुलाबजाम आणले. मी डाव्या अंगठ्यानं लिहिलं, "सगळं बरोबर हाय. चालू कर."

रविवारी सकाळी आबा दाढी करायला गावात गेले होते. मी ओट्यावर चहा घेत होतो. मंदा म्हणाली, "आवो, कुनाची तरी मेंढरं आली बगा."

मी उडालोच. आपली व्यवस्था चालली! मी फोन काढला आणि मॅडमना पाठवायला व्हिडिओ सुरू केला. तो अजून माझ्याकडं आहे. (खरं तर आमच्या सगळ्या नातेवाइकांकडं आहे.) त्यात मी बोलतोय, "नमस्कार मॅडम. बघा, आपल्या निरोपाप्रमाणे मेंढपाळ बरोबर ठरलेल्या रानाकडं निघालेले आहेत. कुठंही गोंधळ नाही."

"आवो," मंदाचा आवाज.

"मागं बोलू नकोस. मॅडम, हे पाहा, आता कळप वळतोय..."

"आवो, त्यो आपल्या रोपाकडं वळतोय."

यानंतर व्हिडिओत फक्त आभाळ आहे.

मी चप्पल सोडून पळालो. पुढची मेंढरं वाफ्यात शिरलीसुद्धा होती. कांद्याची कोवळी पात मेंढराला म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. एका सुरात कचाकचा आवाज येत होता. मागून बिरूमामा शांतपणे चालत येत होते.

"मामा, थांबा! हिकडं कुठं आनली?"

"कुठं म्हंजी? तूच बोलावलं की."

"मी न्हाई बोलावलं."

मामांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. माझाच आवाज आला, "राम राम. बिनधास्त या. रान रिकामं हाय."

"आवो, पन रोप दिसत न्हाई का?"

"दिसतंय की. रोप काडून झालं की ऱ्हायल्यालं वाफं मेंढरालाच सोडत्यात, दरसालचंच हाय. तू म्हनला पीक काय न्हाई. मला वाटलं तुमचं काडून झालं." मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "न्हाई झालं व्हय?"

मी 'न्हाई' म्हणेपर्यंत ओढ्याच्या बाजूनं दुसरा कळप आला. त्या मेंढपाळाच्या हातातही फोन होता आणि फोनमध्ये मी होतो. मग रस्त्याकडून तिसरा. मी हात पसरून आडवा उभा राहिलो आणि ओरडलो, "येऊ नका!" तर फोनमधला मी म्हणाला, "बिनधास्त या." लोकांनी त्याचंच ऐकलं. त्याचा आवाज जास्त स्पष्ट होता. चौथा कळप आला तेव्हा मी ओरडायचं सोडून दिलं होतं.

बाकीच्या शेतकऱ्यांनी आपापल्या नोंदीत अटी घातल्या होत्या. दोनच रात्री बसवा, विहिरीकडं नको, कुत्रं चावतं. बिनकुत्र्याचं, पाण्याचं, कितीबी मेंढरं कवाबी चालणारं रान साऱ्या शिवारात एकच होतं.

बिरूमामा म्हणाले, "बाळू, त्यो पुडचा मेंढा धर. त्यो हालला की बाकीची हालतील." मी मेंढा धरला. तो खरंच हलला. मला घेऊन वाफ्यातून बांधावर आणि बांधावरून पाण्याच्या पाटात. मी पाटातून तोंड वर काढलं तेव्हा वर बांधावर आमची आक्का उभी होती आणि तिच्या मागं राहूचा टेम्पो.

आक्कानं आधी वाफ्यांकडं पाहिलं, मग मेंढरांकडं, मग माझ्याकडं. "बाळू," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यात माजं रोप कोंचं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की पाटातून बाहेर येऊच नये असं वाटलं.

तेवढ्यात आबा आले, अर्धा गाल दाढी केलेला आणि अर्धा फेसाचा. कुणीतरी दुकानात जाऊन सांगितलं होतं. त्यांनी पायातलं पायताण काढलं, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की चारही कळपांनी माना वर केल्या. मग घशातून काहीतरी "हिर्रर्र, हिर्रर्र" असा आवाज काढत ते मेंढरांमधून चालत गेले आणि मेंढरं त्यांच्यामागं निघाली. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. हा माणूस इतकी वर्षं आमच्याबरोबर जेवत होता आणि त्याला हे येतं, हे मला माहीतच नव्हतं.

"आबा, अजून इसरला न्हाईस की," बिरूमामा म्हणाले.

"इसरायला काय झालं? पोरगं मातूर मेंढरावानी निगालं न्हाई, ह्ये वाईट. मेंढरू हाक तरी ऐकतं."

चार कळप एकमेकांत मिसळलेले. पाठीवरच्या रंगाच्या खुणा पाहून ते वेगळे करेपर्यंत दुपार झाली. निम्म्याहून जास्त वाफे जमिनीबरोबर झाले होते. आबांनी उरलेलं रोप नजरेनं मोजलं आणि आक्काला म्हणाले, "ह्ये सगळं तू ने. आमचं आमी बगू." आक्का नको म्हणाली. मग रडली. मग मंदानं तिला चहा दिला आणि मला टॉवेल दिला, लांबूनच.

मी ओट्यावर बसून एआयला लिहिलं, "ह्ये काय केलंस?" मला वाटलं, आता हा कालचा निरोप तोंडावर मारणार. तो निरोप वर होताच. तिसरी गोष्ट अशी होती: "पहिली नोंद नमुन्याची दिसते. ती काढून टाकू, की खरी आहे?" पण त्याचं उत्तर आलं, "तुमच्या उत्तरावरून नमुन्याची नोंद काढायची की ठेवायची, हे स्पष्ट होत नव्हतं. मी पुन्हा विचारायला हवं होतं, तसंच सुरू करायला नको होतं. ती माझी चूक. आता आधी सांगा, कुणाला लागलं नाही ना? रोप किती वाचलं आणि किती कमी पडतंय?"

मी सर्द झालो. आमच्या खानदानात चूक आपणहून कबूल केल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही बाहेरच्यानं.

मी आक्काला विचारलं. (जाऊन बसलो आणि विचारलं. वहीत होतं ते.) तिचं रान किती, वाफे किती लागतील, ते एआयला कळवलं. तो म्हणाला, "नोंद केलेल्या शेतकऱ्यांनाच विचारून पाहू. कुणाकडे लावून उरलेलं रोप असेल." त्यानं मजकूर लिहून दिला. मी तो चारदा वाचला, मंदाला वाचून दाखवला आणि मग पाठवला. दिवस मावळायच्या आत कवठ्याहून एकाचा निरोप आला, लागण करून तेरा वाफे उरलेत, सोमवारी मेंढरांना सोडणार होतो, येऊन घेऊन जा.

मी आनंदानं ओरडलो, "मिळालं! आक्का, टेम्पो काड."

आबांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि खिशात घातला. "आदी मी जातो. डोळ्यानं बगतो. मग टेम्पो." ते बिरूमामांना मागं बसवून मोटारसायकलवर गेले, रोपाची काडी उपटून आणली, आक्काच्या तळहातावर ठेवली आणि मग टेम्पो निघाला. आक्काची लागण आठवड्यात उरकली. आमच्या रानात आबांनी हरभरा पेरला. खत इतकं पडलं होतं की तो माझ्या खांद्याला लागेल, असं बिरूमामा येता-जाता सांगत राहिले.

व्यवस्था बंद करू या, असं मीच म्हणालो. तर आबा म्हणाले, "बंद कशापायी? बिरूचं पाय वाचत्यात. चूक फोनची न्हाई, तुझी हाय." ते माझ्याशेजारी बसले आणि एआयला नियम सांगायला लागले. मी मुकाट्यानं लिहीत गेलो. पहिला नियम, कुणीतरी रानात जाऊन, रान डोळ्यानं बघून आल्याशिवाय निरोप धाडायचा नाही. दुसरा नियम, बघून आलेला माणूस बाळू असंल, तर रान न बघितलेलं धरायचं.

एआयनं विचारलं, "दुसरा नियम फक्त बाळू यांच्यासाठीच आहे, की चुकीची माहिती देणाऱ्या सगळ्यांसाठी? एकदा वाचून खात्री करा, मग मी लागू करतो."

"काय म्हनतोय त्यो?" आबांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"फकस्त बाळूसाटी," आबा म्हणाले.

मी तो निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोनदा वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं समजून 'हो' म्हटलं.