जयसिंगरावांचं बिनबॅटरीचं टोकन

जयसिंगराव मोहिते होळकरांच्या फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचे. संस्थान मध्य भारतात विलीन झालं, फौज मोडली, आणि हा माणूस इंदुरात परदेशीपुऱ्यालगतच्या एका मिलमध्ये टेंपररी वायरमन म्हणून लागला. मिशी मात्र फौजेतलीच राहिली. आम्ही युनियनवाले त्यांना 'सरकार' म्हणायचो. तो टोमणा होता हे त्यांना कळत नसावं. किंवा कळत असेल आणि आवडतही असेल.

१९५५ साली इंदूरला रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि जयसिंगरावांना वेड लागलं. छपरावर एक तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक खडा आणि कानाला लावायचा फोन, एवढ्यावर ते गाणी ऐकायचे. ना सेल, ना वीज.

"सरकार, हे चालतं कशावर?" मी विचारलं.

"हवेवर. स्टेशन लहरी फेकतं, त्यात ताकद असते. कुणी घेतली नाही तर वायाच जाते. अपन फक्त ओंजळ धरायची."

इथवर ठीक होतं. पण ते डोकं तिथे थांबणारं नव्हतं.

आमच्या मिलमध्ये पितळी टोकनाची चाल होती. आत शिरताना आपल्या नंबरचं टोकन पेटीत टाकायचं, पडलं की हजेरी. कुणाचं पोर आजारी, कुणाला उशीर, तर शेजारच्या मागावरचा त्याचंही टोकन टाकून द्यायचा. मॅनेजर त्याला चोरी म्हणायचा. मी शेजारधर्म म्हणतो, आजही म्हणतो.

जयसिंगरावांनी मॅनेजरसाठी नवीन टोकन बनवलं. लाकडाच्या चकतीवर वेटोळं आणि एक कंडेन्सर, बस. दारावर लहरी सोडणारी पेटी. टोकन जवळ आलं की त्यातलं वेटोळं आपल्यापुरती लहर पिऊन टाकायचं आणि पेटीवरचा काटा एका खुणेवर झुकायचा. सातवी खूण म्हणजे सात नंबर, तो कारकून वहीत मांडायचा. टोकन कमरेला बांधलेलं, गाठीवर मिलचं सील. म्हणजे ते दुसऱ्याच्या हाती देणं बंद.

मी भडकलो. "आमच्या गळ्यात घंटा बांधताय, सरकार!"

"चोख माणसाला घंटेची भीती कशाला?" ते शांतपणे म्हणाले. मॅनेजरने त्यांना शब्द दिला होता: महिनाभर यंत्र चाललं की नोकरी कायम. त्यांच्या बायकोने, भानुमतीवहिनींनी, तेवढ्यावर देवाला नारळही बोलून ठेवला होता.

साळखात्यातल्या, म्हणजे जिथे माग चालतात तिथल्या, बारा जणांवर चाचणी सुरू झाली. सात नंबर सखुबाईचा. ती मागाखालचा कापूस झाडायची. नवरा नव्हता, सासू आंधळी.

दुसऱ्याच आठवड्यात सखुबाईला नोटीस मिळाली. सकाळी सात नंबर आत जातो, पण जेवणाच्या सुट्टीनंतर परत येतच नाही. सलग तीन दिवस. काम सोडून पळाली, उद्या दहाला चौकशी आणि मग बडतर्फी.

"मी कुठं जाईन भिया?" सखुबाई माझ्यावरच ओरडली. "मागाखाली वाकून वाकून कंबर गेली माझी!"

आठ विणकर साक्षीला तयार झाले. मॅनेजर हसला. "तुम लोग तो रोज एक-दूसरे का टोकन डालते थे। तुम्हारी गवाही? आदमी झूठ बोलता है, मशीन नहीं।"

डालते थे, हे खरंच होतं.

संध्याकाळी मी जयसिंगरावांच्या खोलीत घुसलो. "तुमचं यंत्र खोटारडं आहे."

"तोंड सांभाळ, लीडर. शंभर वेळा तपासलंय मी."

"कुठे तपासलंत?"

"टाइमकीपरच्या हापिसात."

"तिथे पंखा असतो. साळखात्यात सूत तुटू नये म्हणून दिवसभर वाफ सोडतात, आणि नळीचं तोंड सखुबाईच्याच मागांवर आहे. कधी उभे राहिलात तिथे?"

त्यांनी खिशातलं एक टोकन दिव्यापाशी धरलं. मी चिडून विचारलं, "वेटोळ्याच्या तारा चिकटवल्यात कशाने?"

"खळीने. मिलमध्ये पिंपं भरून पडलीये."

सुताला ताठ करायला लावतात तीच पिठाची खळ. मिलमध्ये काहीही चिकटवायचं तर माणूस तिकडेच हात घालतो, मीही घातला असता. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. "अहो, खळ ओल खाते, रात्रभरात परत वाळते. दमट हवेत धोतराची इस्त्री टिकते का?"

जयसिंगराव रागाने उठून बाहेर गेले.

सकाळी सातला ते साळखात्यात आले. कमरेला सात नंबरचंच नवं टोकन बांधून सखुबाईच्या दोन मागांच्या मध्ये उभे राहिले, वाफेत, खांब उभा असतो तसे. पावणेदहाला घामाने निथळत दारावरच्या पेटीपाशी गेले. मी मागोमाग. काटा हलला, सातव्या खुणेच्या बराच अलीकडे झुकला. दोन खुणांच्या मधोमध, जिथे कुणाचाच नंबर नव्हता. कारकुनाने वहीत काहीच लिहिलं नाही.

जयसिंगरावांनी कमरेचं टोकन सोडलं. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. बस, एवढंच, आणि चालू लागले. हा माणूस आता नोकरीकडे बघणार, असंच मला वाटलं.

दहाला चौकशी. मॅनेजर, टाइमकीपर, समोर सखुबाई. मॅनेजरने विचारलं, "मोहितेजी, मशीन ठीक है ना?"

जयसिंगराव टाचा जुळवून उभे राहिले. "नाही, साहेब. मशीन चुकलं. मी चुकलो. खळ लावली, ती ओल प्यायली. बाई तिन्ही दिवस आत होत्या."

मॅनेजरने पेन्सिल आपटली, पण डोक्याने तो तल्लख होता. "तो खळ हटाओ, चपडी लाख लगाओ। केस बंद। तुम परमनेंट।"

लाखेला ओल लागत नाही. यंत्र चाललं असतं. मी डोळे मिटून घेतले.

"लावतो," जयसिंगराव म्हणाले. "आधी यंत्राने तीन दिवस खोटं सांगितलं हे हजेरीच्या वहीत लिहा. सही माझी."

"वह नहीं होगा। एक बार लिखा तो कल हर मजदूर बोलेगा मशीन गलत है।"

"मग उद्या ते खरंच चुकेल तेव्हा बाईंनी काय दाखवायचं, साहेब?"

मॅनेजरने सखुबाईची नोटीस फाडली, आणि जयसिंगरावांना फाटकाचा पास टेबलावर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला.

फाटकाशी सखुबाई वाट अडवून उभी होती. मला वाटलं आता पाया पडणार.

"तीन दिवस मला पळपुटी केलंस," ती म्हणाली. "सासूने जेवण टाकलं माझ्यापायी. ते साहेबासमोर बोललास, माझ्याशी कोण बोलणार?"

जयसिंगरावांनी हात जोडले. "चुकलं, बाई."

"हां," सखुबाई म्हणाली, पदर खोचला आणि झाडू उचलून आत गेली. जयसिंगराव सवयीने दोन पावलं तिच्या मागे गेले. दरवानाने काठी आडवी धरली.