लोणच्याची तिसरी बरणी

खालापूरच्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. सुई टोचण्याआधी तो मनगटावर बोटं ठेवून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "शीर कडक झालीय. मीठ सोडा."

त्याचा हात हलका, म्हणून आम्ही प्रेशरवाले त्याला लोणचं, सुके बोंबील द्यायचो. तो सगळं ठेवून घ्यायचा. मला हावरटच वाटला.

मी बरणी दिली तेव्हा त्यानं विचारलं, "घरात अजून हाय?"

"एकच," मी खोटं बोललो.

"ती पण आणा."

ती घेऊन गेलो, तर तो अळणी दूधभात जेवत होता. टेबलाखाली न उघडलेल्या बरण्यांची रांग.

"तुमी खात नाय?"

"मला बी प्रेशर हाय. पण मी घेतलं नाय, तर तुमी खाल."

घरी लपवलेली तिसरी बरणी मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.